रिंगपुरती खिडकी

आधी टेबलावर टूथपिकांचं एक घरटं होतं
आणि त्यावर पालथी वाटी.
पर्पेट्वाबाई म्हणाल्या, हे छप्पर.
आम्ही चौघांनी माना डोलावल्या,
महिनाअखेर होती.

मग आकडे आले.
अठरा हजार बुडं, दर बुडामागे अठ्ठेचाळीस सेंटिमीटर.
पुढच्याच्या डोक्यावरून मागच्याची नजर
नऊ सेंटिमीटर वरून गेली पाहिजे,
तरच चेंडू दिसतो.
तीन महिने मी नुसत्या नजरा आखत होतो,
एकेका रांगेतून, पट्टी धरून.
रात्री जेवतानाही बायकोच्या खांद्यावरून
भाताच्या पातेल्याकडे
एक तुटक रेघ जायची.

जागा पासिगच्या काठची,
अबाकाचे दोर वळणारी बंद गिरणी.
मागच्या बोळात विजेच्या खांबाला एक रिंग,
सळई वाकवून केलेली.
फळा म्हणून कुणाच्या तरी दाराचं अर्धं कवाड,
कडीसकट.
खाली स्लिपर घालून उडणारी पोरं,
आणि लोलो तेबान, पाण्याच्या टाकीवर बसून
टाकीवरच कोळशाने गुण मांडणारा.

बाईंनी विचारलं, इथूनच का बघता?
तो म्हणाला,
वरून खेळ दिसतो, चेहरे दिसत नाहीत.
खालून चेहरे दिसतात, खेळ कळत नाही.
दोन्ही हवं तर तिकीट काढायचं,
आणि तिकीट काढलं
की पुढ्यात हमखास
कोणीतरी उंच माणूस येऊन बसतो.

बाई परतल्या त्या मुक्यानेच.
पश्चिमेच्या भिंतीवर, फुटपाथलगत,
पेन्सिलने एक चौकोन काढला.
खिडकी म्हणावी तर लहान,
चूक म्हणावी तर फार मोठी.
मैदान पुरुषभर खाली घेतलं,
म्हणजे रिंग आली
रस्त्यावरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर.
इसागानी, आमचा इंजिनिअर, कपाळ धरून बसला:
शेजारी नदी, आणि तुम्ही खड्डा खणताय!
पंप माझे असतील हो,
पूर माझा नाही.

बैठकीत मालकांनी बोट ठेवलं बरोबर त्या चौकोनावर.
इथे बावीस खुर्च्या जातात.
आणि फुकट बघणार लोक?
बाई म्हणाल्या, खेळ दिसणार नाही. फक्त रिंग.
नुसती रिंग बघायला कोण येतंय?
बाईंनी कालामान्सीचं सरबत संपवलं,
ग्लासातला बर्फही खाल्ला.
तेच तर, म्हणाल्या. मग राहू द्या.

उद्घाटनाला मला पास होता, रांग एक्केचाळीस.
माझीच रेघ, माझेच नऊ सेंटिमीटर.
सगळं दिसलं.
दहाही खेळाडू, पंचाच्या डोक्यावरचं टक्कलसुद्धा.
मध्यंतरात पाय मोकळे करायला बाहेर गेलो,
तो आत आलोच नाही.

खिडकीशी तीस-चाळीस माणसं.
ठेंगणी पुढे, उंच मागे,
एक पोरगी केळी तळणाऱ्या बाईच्या खांद्यावर.
कुणी आखलं नव्हतं.
चौकोनात रिंग, तिची जाळी, बाकी उजेड.
चेंडू कुणी टाकला, कुठून टाकला, पत्ता नाही.
येतो. कडेवर फिरतो.
जरा विचार करतो.
फुटपाथ श्वास धरून उभा.

लोलो तेबान गुण मांडत होता
आमच्या कोऱ्या काँक्रीटवर,
ज्याच्या गुळगुळीतपणासाठी तीन ठेकेदार बदलले होते.
दिसणाऱ्या रिंगचे डोळ्यांनी,
न दिसणाऱ्या रिंगचे
भिंतीतून येणाऱ्या हुंकारावरून.
दोन गुणांचा हुंकार वेगळा, म्हणाला,
तिनाचा पोटातून येतो.
मध्यंतरानंतर बाजू बदलल्या,
तसा त्याने कोळसा दुसऱ्या हातात घेतला.
शेवटी त्याचा आकडा आणि आतला आकडा
एका गुणाने चुकला.
आतला चुकला असेल, म्हणाला.

सकाळी सफाईवाला बादली आणि ब्रश घेऊन आला.
बाई आधीच तिथे उभ्या होत्या,
बोटाला काळं लागलेलं.
मला म्हणाल्या, शेवटच्या नकाशात टाक.
मी टाकलं, पश्चिम भिंत, खिडकीच्या डावीकडे,
बारीक अक्षरात:
कोळसा. पुसू नये.